नवं संशोधन वाचून वडिलांची गोळी बंद करायची का?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ७३ वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह, तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन एक स्टेंट टाकलेला, शेवटच्या इकोत हृदयाचं पंपिंग ५५ टक्के. आई ७१ वर्षांच्या, थोडं बीपी सोडलं तर ठणठणीत. पण शेजारी एकाला अटॅक आल्यापासून ‘खबरदारी म्हणून’ वडिलांच्याच पाकिटातली ॲस्पिरिन रोज घेतात. काका ५८ चे, मधुमेह आहे, हृदयाचा त्रास नाही. मध्यंतरी ‘ज्येष्ठांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, उलट रक्तस्राव’ अशी बातमी घरच्या ग्रुपवर आली आणि वडिलांनी आठ दिवसांपासून गोळी बंद केली. आता मेटोप्रोलॉलही बंद करायची म्हणतात, कारण तीही ‘नव्या संशोधनानुसार’ लागत नाही. दर आठवड्याला नवा अभ्यास, काल सांगितलेलं आज खोटं, मग विश्वास कशावर ठेवायचा, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटी एक वाक्य आहे: हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे कोणी काही करतं का?

बाकीचं वाचण्याआधी वडिलांच्या डॉक्टरांना फोन करा. स्टेंट असलेल्या माणसाने ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करायची नसते. काळी शी, उलटीतून रक्त, येत्या काही दिवसांत ठरलेलं ऑपरेशन असं काही नसेल तर ते बहुतेक आजच परत सुरू करायला सांगतील. कदाचित ॲस्पिरिनऐवजी क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी देतील. तसंही आता बरेच हृदयरोगतज्ज्ञ करतात आणि त्याला आधार आहे. पण दोन्हींपैकी एक गोळी चालू राहिली पाहिजे.

मी जिल्ह्याच्या गावी फिजिशियन म्हणून बरीच वर्षं ओपीडी करते आहे. असा प्रश्न आता दिवसाआड येतो, आणि विचारणारा कधीच मूर्ख नसतो. बातमी खोटी नव्हती. अभ्यास खरा होता, उत्तम दर्जाचा होता. अडचण अशी की तो अभ्यास तुमच्या वडिलांवर झालेला नव्हता, तो तुमच्या आईसारख्या लोकांवर झाला होता. त्यामुळे ‘संशोधनावर विश्वास ठेवायचा की नाही’ हा तुमचा खरा प्रश्न नाही. हे संशोधन आमच्या घरातल्या नेमक्या कोणाचं, हा खरा प्रश्न आहे.

त्या ॲस्पिरिनच्या अभ्यासाचं नाव ॲस्प्री. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ लोक, बहुतेक सगळे सत्तरी ओलांडलेले, आणि महत्त्वाचं म्हणजे कोणालाही आधी हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला नव्हता. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. साडेचार-पावणेपाच वर्षं पाहिलं. धडधाकट जगण्याच्या वर्षांत काहीच फरक पडला नाही. मोठा रक्तस्राव मात्र ॲस्पिरिनवाल्यांत शंभरात ३.८ जणांना झाला, दुसऱ्या गटात २.८ जणांना. म्हणजे शंभर ठणठणीत म्हाताऱ्यांना पाच वर्षं गोळी दिली तर एकाला जास्तीचा रक्तस्राव आणि बदल्यात काही नाही. आईंनी पुढच्या तपासणीत डॉक्टरांना एवढंच सांगायचं की मी ही आपणहून घेत होते. बहुतेक ते बंद करा म्हणतील.

आता वडील. ज्यांना अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला आहे अशा लोकांवरच्या १६ जुन्या चाचण्यांचा एकत्र हिशेब २००९ मध्ये मांडला गेला. अटॅक, पक्षाघात किंवा त्यांनी होणारा मृत्यू हे वर्षाला शंभरात ८.२ जणांना होत होतं, ॲस्पिरिनवर ते ६.७ झालं. वर्षाला शंभरात दीड माणूस, आणि हे दरवर्षी. रक्तस्रावाचा धोका त्यांनाही आहे, पण समोर मिळणारा फायदा कितीतरी मोठा आहे. एका घरात, एका पाकिटातली एकच गोळी, एकाला हवीच आणि दुसरीला नको. बातमीच्या मथळ्यात हे बसत नाही.

काकांचं काय, तर ते मधेच आहेत. मधुमेह आहे पण हृदयविकार नाही अशा १५,४८० लोकांवर ब्रिटनमध्ये असेंड नावाचा अभ्यास झाला, तोही २०१८ चाच. साडेसात वर्षांच्या आसपास पाहिल्यावर हृदय-मेंदूच्या गंभीर घटना ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आल्या, आणि मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेले. एका हाताने जे मिळालं ते जवळपास दुसऱ्या हाताने गेलं. इथे मी ठाम उत्तर देत नाही. काका तंबाखू खातात का, घरात कमी वयात कोणाला अटॅक आला आहे का, पूर्वी अल्सर झाला होता का, गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळी घेतात का, यावर ते ठरतं. दुखण्याची गोळी रोज चालू असेल तर मी ॲस्पिरिन जवळपास कधीच जोडत नाही.

‘कोणावर’ हा प्रश्न मी इतका का लावून धरते, हे कोविडच्या उदाहरणाने सांगते, कारण ते आपण सगळ्यांनी अंगावर झेललं आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, अगदी स्वस्त स्टेरॉइडने जीव वाचतात असं दिसलं. जगभर बातमी झाली. आता आतले आकडे पाहा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात मृत्यू १४.० वरून १७.८ टक्के, म्हणजे उलट दिशेला. शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का म्हणता येत नव्हता, पण त्या लोकांना फायदा नाही एवढं स्पष्ट होतं, आणि नुकसानीचा इशारा होता. एकच औषध, एकच चाचणी, एकच डोस. आजार कोणत्या टप्प्यावर आहे तेवढ्याने निकाल पालटला.

आणि २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे काय झालं? घरी विलगीकरणात असलेल्या, ऑक्सिजन ९७ असलेल्या माणसाच्या हातात ताप आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टेरॉइडची पट्टी होती. चिठ्ठी कुणाच्या तरी मोबाइलवर आलेली, पुढे पाठवलेली. साखर मोजायचं कोणी सांगितलं नव्हतं. महिनाभराने त्यातले काहीजण गालाला बधिरपणा, डोळ्याला सूज, नाकातून काळपट स्राव घेऊन आले. या म्युकरमायकोसिसला, म्हणजे काळ्या बुरशीला, एकटं स्टेरॉइड कारण नव्हतं, अनियंत्रित मधुमेहाचा वाटा मोठा होता. पण गरज नसलेल्या स्टेरॉइडने साखर चारशेवर नेऊन ठेवली होती. संशोधनात चूक नव्हती. त्याच्या निष्कर्षातला ‘ऑक्सिजन लागणाऱ्यांना’ हा अर्धा भाग वाटेत गळून पडला होता. ते चेहरे आठवले की मला आजही राग येतो, म्हणून ‘कोणावर’ हे विचारल्याशिवाय मी कोणतीही बातमी पुढे जाऊ देत नाही.

मेटोप्रोलॉलचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि तिथे वडिलांची शंका रास्त आहे. ही बीटा-ब्लॉकर गटातली गोळी. अटॅकनंतर ती देण्याची प्रथा ज्या अभ्यासांवर उभी राहिली ते स्टेंटच्या, आजच्या स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या) आधीच्या काळातले. तेव्हा बंद पडलेली रक्तवाहिनी तासाभरात उघडून द्यायची सोय नव्हती, हृदयाच्या स्नायूचं नुकसान फार व्हायचं. आज वेळेत अँजिओप्लास्टी झालेल्या, पंपिंग चांगलं राहिलेल्या माणसाला ती खरंच लागते का, हे मोठ्या प्रमाणावर कोणी नव्याने तपासलंच नव्हतं. २०२४ मध्ये स्वीडन, एस्टोनिया आणि न्यूझीलंडमधल्या ५,०२० रुग्णांचा रिड्यूस-एएमआय हा अभ्यास आला. पंपिंग ५० टक्के किंवा जास्त असलेले सगळे. मृत्यू किंवा दुसरा अटॅक गोळी घेणाऱ्यांत ७.९ टक्के, न घेणाऱ्यांत ८.३. जवळपास सारखंच. २०२५ मध्ये स्पेन-इटलीतल्या रीबूट अभ्यासातही, साडेआठ हजार रुग्णांत, फायदा दिसला नाही. त्याच सुमारास नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या साडेपाच हजार रुग्णांच्या अभ्यासात मात्र थोडा फायदा दिसला.

इथे सामान्य वाचक म्हणतो, बघा, यांचं यांनाच कळत नाही. मी उलट म्हणेन की इथेच शास्त्र नीट चाललेलं दिसतं. त्या संशोधकांनी आपापली माहिती एकत्र केली आणि रुग्ण पंपिंगनुसार वेगळे काढले. ४० ते ४९ टक्के पंपिंग असलेल्यांना गोळीचा फायदा होता. ५० च्या वर असलेल्यांना दिसला नाही. भांडण वाटत होतं ते बऱ्याच अंशी दोन वेगळ्या प्रकारच्या रुग्णांचं होतं. म्हणून वडिलांच्या फाइलमधला इकोचा तो एक आकडा इतका मोलाचा आहे. ५५ म्हणजे ते दुसऱ्या गटात.

मग बंद करू का? थांबा. अटॅकनंतर गोळी सुरू करायची का, हा एक प्रश्न. वर्षानुवर्षं चालू असलेली थांबवायची का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर फ्रान्समध्ये अबिस नावाचा स्वतंत्र अभ्यास झाला, २०२४ मध्येच, ३,६९८ रुग्णांवर. गोळी थांबवलेल्यांत मृत्यू, अटॅक, पक्षाघात किंवा हृदयासाठी दवाखान्यात भरती होणं हे सगळं मिळून २३.८ टक्के, चालू ठेवलेल्यांत २१.१. फरक मुख्यतः भरती होण्याचा होता. बीपी आणि नाडीचे ठोकेही वाढले. शिवाय ही गोळी एकदम तोडली तर छातीत दुखणं, धडधड उसळून येऊ शकते. बंद करायचीच असेल तर डोस आठवड्यांच्या अंतराने उतरवत न्यावा लागतो. माझी स्वतःची पद्धत अशी: गोळीने चक्कर येते, ठोके पन्नासच्या खाली जातात, फार थकवा वाटतो, अशी तक्रार असेल आणि पंपिंग उत्तम असेल तर मी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून हळूहळू उतरवते. बीपी किंवा अंजायनासाठीही (चालताना छातीत दुखण्यासाठीही) तीच गोळी काम करत असेल किंवा माणूस तिच्यावर मजेत असेल, तर हात लावत नाही. वडील कोणत्या बाजूला आहेत ते मी इथून सांगू शकत नाही. त्यांना गोळीचा काय त्रास होतो हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि नेमकं तेच लागतं.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. तुम्ही सेमाग्लुटाइड या मधुमेह आणि वजनासाठीच्या इंजेक्शनची बातमी जोडली आहे, ‘हृदयविकाराचा धोका २० टक्क्यांनी कमी’. हा आकडा खरा आहे. २०२३ चा सिलेक्ट अभ्यास, १७,६०४ लोक. सव्वातीन वर्षांच्या सुमारास अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू हे औषध न घेणाऱ्यांत ८.० टक्के झालं, घेणाऱ्यांत ६.५. आठाचे साडेसहा म्हणजे साधारण २० टक्के घट, हे बरोबर. पण शंभर माणसांत वाचली ती दीड. दोन्ही आकडे एकाच निकालाचे आहेत. बातमीत पहिला येतो, माझ्या टेबलावर दुसरा लागतो. दीड हा आकडा काही क्षुल्लक नाही, आधीच स्टॅटिन-ॲस्पिरिन घेणाऱ्या लोकांत इतकी भर पडणं मोठं आहे. पण त्यासाठी किती पैसे मोजायचे, मळमळ किती सहन करायची, हे दीडकडे बघून ठरवायचं. त्याच अभ्यासात दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे १६.६ टक्के होते, औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांत ८.२.

आणि पुन्हा, कोणावर? आधीच हृदयविकार असलेले, वजन जास्त असलेले, पण मधुमेह नसलेले लोक. वडिलांना मधुमेह आहे. मधुमेहींवर या औषधाचे वेगळे अभ्यास आहेत आणि तेही चांगले आहेत, पण डोस वेगळा, हिशेब वेगळा. वडिलांचं वजन तुम्ही ५८ किलो लिहिलं आहे. सत्तरी पार केलेल्या, मुळातच बारीक माणसाची भूक मारून वजन उतरवलं तर चरबीबरोबर मांड्या-दंडाचे स्नायूही जातात, आणि या वयात माणूस स्नायूंच्या जोरावर उभा असतो. त्यांच्यासाठी मी हे औषध पहिल्या फळीत धरणार नाही. काकांचं पोट सुटलेलं असेल तर त्यांच्याबाबत विचार वेगळा होईल.

बीपीची गोळी रात्री घ्यावी ही बातमी झटपट उरकते. २०१९ मध्ये एका स्पॅनिश अभ्यासाने रात्री घेतल्याने धोका जवळपास निम्मा होतो असा दावा केला. तेव्हाच अनेकांना तो पटण्यापलीकडचा वाटला. ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर नीट चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला: हृदय-मेंदूच्या गंभीर घटना रात्री घेणाऱ्यांत ३.४ टक्के, सकाळी घेणाऱ्यांत ३.७, म्हणजे सारखंच. जेव्हा विसरणार नाही तेव्हा घ्या. मोठा दावा, एकच गट, दुसऱ्या कोणी पडताळलेला नाही, अशी बातमी दिसली की मी वर्ष-दोन वर्षं नुसती बघत बसते. ड जीवनसत्त्व ‘निरुपयोगी’ ठरवणारा अमेरिकेतला २५,८७१ लोकांचा अभ्यासही चांगलाच होता, पण त्यातल्या बहुतेकांच्या रक्तात ते मुळात पुरेसं होतं. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काही होत नाही एवढं त्याने सिद्ध केलं. ज्याची पातळी खरोखर तळाला आहे, हाडं दुखतात, त्याला तो निष्कर्ष लावू नका. आणि पातळी चांगली असताना वर्षानुवर्षं दर आठवड्याला साठ हजारांची पुडी घेणंही थांबवा.

आणखी एक पाहायचं असतं ते म्हणजे त्यांनी मोजलं काय. रिपोर्ट सुधारला की माणूस सुधारला, असं होतंच असं नाही. याचं उदाहरण जुनं आहे पण आमच्या पिढीला ते शिकताना धक्का देऊन गेलं. अटॅकनंतर हृदयाचे ज्यादा ठोके पडतात, ते धोक्याचे. मग ठोके दाबणारी औषधं दिली की लोक वाचतील, असा सरळ तर्क होता आणि औषधं दिलीही जात होती. कास्ट नावाच्या अमेरिकन चाचणीत ती तपासली. ईसीजी सुंदर झाले. १९९१ च्या अंतिम अहवालात औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण गेले होते, न घेणाऱ्या ७४३ पैकी २६. तेव्हापासून ‘अमुक पातळी इतक्या टक्क्यांनी घटली’ एवढंच बातमीत असेल तर मी विचारते: अटॅक किती टळले, माणसं किती जगली, चालती-फिरती किती राहिली?

आता तुमचं शेवटचं वाक्य, आपल्याकडे काही होतं का. होतं, आणि त्यातलं काही जगाने दखल घ्यावी असं आहे. दुर्दैवाने व्हॉट्सॲपवर ते येत नाही, कारण त्यात विकायला काही नसतं.

२०२३ मध्ये झारखंडमधला रेशन्स नावाचा क्षयरोगावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्यासह आयसीएमआरच्या चेन्नईच्या क्षयरोग संस्थेने तो केला. फुप्फुसाच्या टीबीचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. प्रत्येक रुग्णाला औषधांबरोबर महिन्याला दहा किलोंचा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. अर्ध्या भागांतल्या घरच्या इतर माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. बाकीच्या भागांत घरच्यांना नेहमीचंच अन्न. जुलै २०२२ पर्यंत पाठपुरावा केला. शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि थुंकीतून इतरांना लागू शकतो असा, तपासणीत जंतू सापडलेला फुप्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी. वर सांगितलं तसं टक्क्यांवर थांबू नका: सुमारे ३० कुटुंबांना शिधा दिला की एक नवा रुग्ण टळतो. डाळ-तांदळाने. रुग्णांमध्येही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण खूपच कमी होतं. इथे एक सावधगिरी मीच घालते. वजन वाढल्यामुळे वाचले की बरे होत होते म्हणून वजन वाढलं, हे या दुसऱ्या निरीक्षणातून पूर्ण वेगळं करता येत नाही. घरच्यांना टीबी कमी झाला हा पहिला निष्कर्ष मात्र खऱ्या तुलनेतून आला आहे.

या अभ्यासाने माझ्या खोलीतली एक सवय बदलली. टीबीचा रुग्ण आला की आता मी त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचंही वजन करते. वीटभट्टीवर काम करणारा ४१ किलोंचा नवरा आणि शेजारी उभी ३६ किलोंची बायको. पूर्वी मी तिला खोकला आहे का एवढंच विचारत असे. आता रेशनकार्ड चालू आहे का, निक्षय पोषण या टीबी रुग्णांसाठीच्या सरकारी योजनेचे पैसे खात्यात येतात का, हेही विचारते. नोव्हेंबर २०२४ पासून ते महिन्याला ५०० चे १,००० रुपये झाले आहेत आणि अनेकांना ते माहीत नसतं.

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत झालेला एक अभ्यासही सांगण्यासारखा आहे. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन सुरू करण्याआधी काही मिनिटं, गाठीच्या भोवती लिडोकेन हे भूल देण्याचं साधं औषध टोचायचं, एवढंच. सोळाशेच्या आसपास महिला. पाच वर्षांनी हयात असलेल्या ९०.१ टक्के, न टोचलेल्यांत ८६.४. शंभरात साधारण चार जणी, आणि खर्च शंभर रुपयांच्या आत. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी हे २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. दुसऱ्या देशांत, दुसऱ्या हातांनी हे पुन्हा पडताळलं जायला हवं, तेही मी म्हणेन. पण हे औषध इतकं ओळखीचं आहे की घरात कोणाचं असं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला याबद्दल विचारायला काहीच हरकत नाही.

आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं काम तर मराठी माणसाला तोंडपाठ असायला हवं. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेबरोबर ४९७ गावांतल्या १,३१,७४६ महिलांना सामावून घेतलं. २००९ च्या अहवालात, आयुष्यात एकदाच एचपीव्हीची (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू होते, तपासणी न झालेल्या गटात ६४. जगभरच्या तपासणी-धोरणांत या गावांचा वाटा आहे. ज्या बायकांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवलं त्यांच्याबद्दल पुढे टीका झाली, ती मला रास्त वाटते. त्यांचं ऋण मानून तरी ही तपासणी आज करून घ्या. तुमच्या घरात तीस ते साठ वयाची बाई असेल आणि तिची ती कधीच झाली नसेल, तर या सगळ्या बातम्यांपेक्षा तो निरोप जास्त कामाचा आहे.

डॉक्टरांकडे जाताना बातमी दाखवायला लाजू नका. फक्त ‘डॉक्टर, ही गोळी वाईट आहे म्हणतात’ असं सुरू केलं की गर्दीच्या ओपीडीत उत्तर तुटक येतं. ‘हे ज्यांच्यावर झालं त्यांच्यात बाबा बसतात का?’ असं विचारा. बसत नसतील तर अर्ध्या मिनिटात कळतं, बसत असतील तर डॉक्टरही थांबून विचार करतात. गोळ्या सगळ्या न्या, पट्टीसकट. कापलेल्या पट्टीवर नाव अर्धंच उरतं आणि मग ‘ती पांढरी, छोटी’ यावर अंदाज बांधावे लागतात. स्टेंटचं डिस्चार्ज कार्ड, शेवटचा इको, क्रिएटिनिन, लिपिड प्रोफाइल आणि गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारा एचबीएवनसीचा रिपोर्ट, एवढं एका फाइलमध्ये असू द्या.

आणि तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी त्या भेटीत विचारा, कारण वडिलांच्या बाबतीत वजनदार संशोधन तिथे आहे. एक, त्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती आहे. स्टेंट आणि मधुमेह दोन्ही असलेल्या माणसात ते ५५ च्या खाली ठेवावं असं आता सांगितलं जातं, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फायलींत ते नव्वदच्या पुढे असतं, कारण रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. दोन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी त्यांना चालेल का. मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या ७,०२० लोकांवरच्या २०१५ च्या अभ्यासात एम्पाग्लिफ्लोझिनने सुमारे तीन वर्षांत एकूण मृत्यू ८.३ वरून ५.७ टक्क्यांवर आणले होते. वडील त्या गटात अगदी बसतात. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे संपलं आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, त्यामुळे पूर्वी परवडत नाही म्हणून सोडून दिलेली ही गोळी आता विचारण्यासारखी आहे. किडनीचा रिपोर्ट पाहूनच ती सुरू करतात. लघवीच्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते, म्हणून स्वच्छता ठेवावी लागते. उलट्या-जुलाबाच्या दिवशी, कडक उपासाला आणि ऑपरेशनच्या आधी काही दिवस ती थांबवायची असते. आषाढी-कार्तिकीचा उपास वडील निर्जळी करत असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.